केहिंदेची चवळी

सोमवारी सकाळी कचेरीच्या फाटकाशी पोचलो तर भिंतीवर माझं तोंड चिकटवलेलं होतं. तेच रुंद कपाळ, एक डोळा दुसऱ्यापेक्षा जरा बारीक, वरच्या ओठावर तो लहानसा डाग. फरक एवढाच की डोक्याला जांभळं फडकं गुंडाळलेलं होतं आणि कानात डूल होते. मग अक्षरं वाचली. ‘आमची आई तायवो एस्तर अबेनी, वय वर्षं बासष्ट, देवाघरी गेली. दफनविधी येत्या शनिवारी. मागे मुलगी मोरेनिके, तीन नातवंडं आणि जुळा भाऊ केहिंदे.’ खळ अजून ओली होती. तायवो गेली गुरुवारी, माझ्या डोळ्यांदेखत, त्यामुळे तिच्या जाण्याचा धक्का काही मला फाटकाशी बसायचा नव्हता. धक्का बसला तो ‘जुळा’ या शब्दाचा. आणि बहिणीच्या मरणाने जो बसला नाही तो एका छापील शब्दाने बसला, हे ध्यानात आलं तेव्हा मी जिना चढत होतो. आमच्या इबादान शहरात माणूस मेल्यावर जितका दिसतो तितका जिवंतपणी दिसत नाही. एकही भिंत मोकळी नाही. भाचीने हे केलं ते माझ्या प्रेमापोटीच. मामाच्या कचेरीतले लोक यावेत, मामाचा मान राहावा, म्हणून पहाटे उठून स्वतः खळ कालवून आली असणार. तिला काय ठाऊक, की त्या फाटकाच्या आत तिचा मामा चोपन्न वर्षांचा आहे आणि त्याचं नाव केहिंदे नाही.

चोपन्न. हे काही माझं एकट्याचं कर्तृत्व नव्हे. आमच्या खात्यात प्रत्येकाला दोन वयं असतात, जसे चर्चचे कपडे वेगळे आणि घरातले वेगळे. खानावळीतली बाई ताटं वाढता वाढता म्हणते, “या खात्यात सगळी माणसं सावकाश जन्माला येतात.” आमचे मागचे संचालक साठीचे म्हणून निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात त्यांना भरून आलं आणि त्यांनी स्वातंत्र्याच्या रात्रीची आठवण सांगितली; झेंडा कसा वर गेला, वडिलांच्या खांद्यावरून त्यांनी तो कसा पाहिला. सेवापुस्तकाप्रमाणे त्या रात्री ते जन्मलेही नव्हते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि टाळ्या वाजवताना शेजारच्या फाग्बेमीकडे पाहिलं तर तो माझ्याकडेच पाहत हसत होता. या हसण्याचा अर्थ इतकाच, की तू माझं झाक, मी तुझं झाकतो. पण संचालकाची खुर्ची रिकामी झाली आणि यादीत दोनच नावं उरली, त्याचं आणि माझं, तेव्हापासून त्याचं ते हसणं थांबलं. खोटं वय सर्वांचंच असतं. मरतो तो, ज्याचं दुसऱ्याच्या हाती लागतं. एक तक्रार अर्ज पुरतो. नोकरी जाते, पेन्शन जाते, आणि कोर्टात ज्याने वयाची शपथ घेतली त्याचं नाव वर्तमानपत्रात येतं.

“वाईट झालं हो, जोसाया,” फाग्बेमी माझ्या खोलीच्या दारातच उभा होता. कचेरीत मी जोसाया. “फाटकावर पाहिलं. कोण तुमची?”

“बहीण. मोठी बहीण.”

“मोठी. बरं.” त्याच्या हातात फोन होता. त्याने त्या कागदाचा फोटो आधीच काढला होता, हे तो लपवतही नव्हता. “तायवो म्हणजे जुळी. मग हा केहिंदे कोण? बत्तीस वर्षांत आम्हाला कधी भेटवला नाहीत तो. चेहरा मात्र हुबेहूब हो! तुम्हाला डूल घातले की झालं.”

इथे मला गप्प बसता आलं असतं. बहीण मेलेल्या माणसाला गप्प बसायचा हक्क असतो. पण माझं तोंड माझ्या आधी बोलतं, सरकारी नोकरीने त्याला ती सवय लावली आहे. मी म्हणालो, “केहिंदे लहानपणीच गेला.”

“अरेरे. पण मागे राहिलेल्यांत छापलाय.”

“भाचीचा घोटाळा. दुःखात आहे पोरगी.”

फाग्बेमीचा चेहरा असा उजळला की जणू मीच त्याला बढती दिली. “अहो, म्हणजे तुम्ही जुळ्यांच्या पाठीवरचे! इदोवू! आणि आजवर बोलला नाहीत? तरीच एवढे हट्टी! माझी आजी म्हणायची, जुळी काय कुणीही वाढवेल, इदोवू वाढवून दाखवा.” त्याने दारातूनच बाहेर हाक मारली, “ऐकलंत का, आपले जोसाया इदोवू निघाले!”

दुपारपर्यंत सगळं खातं मला इदोवू म्हणत होतं. सांत्वनाला आलेल्या बायकासुद्धा. जुळ्यांची नावं आमच्यात आईबाप ठेवत नाहीत, पोरं ती घेऊनच येतात: पहिलं तायवो, दुसरं केहिंदे, आणि त्यांच्या पाठीवर जे येईल ते इदोवू. माझ्या आईच्या पोटी आमच्यानंतर काहीच आलं नाही. मधल्या सुटीत मी फाटकाशी गेलो. खळ वाळली होती. नखाने खरवडून खालची पट्टी तेवढी निघाली, केहिंदेची. वरचं तोंड तसंच राहिलं आणि एक डोळा बारीक करून माझ्याकडे बघत राहिलं, जसं ती शिवणयंत्रावरून मान वर करून बघायची, सुई ओठांत धरून.

ती आधी आली म्हणून मोठी नव्हे. मोठा मीच. आमची म्हातारी माणसं सांगतात, की आत बसून केहिंदेच तायवोला पुढे धाडतो, जा, जगाची चव कशी आहे बघून ये. ती जाते, चाखते, आणि रडून सांगते की चांगली आहे, ये. मग तो सावकाश येतो, साहेबासारखा. तायवो हे आयुष्यभर मला ऐकवायची. वडिलांना एकाच मुलाची फी परवडत होती तेव्हा तेराव्या वर्षी तिची शाळा सुटली, आणि ती म्हणाली, “मला काय, मला पुढे जाऊन चाखायचीच सवय आहे.” ती शिवायला लागली. तिने शिवलेल्या झग्यांवर मी विद्यापीठात गेलो, जे कधी संपाने बंद, कधी लष्कराच्या हुकुमाने बंद. पदवी हातात पडायला आणि मग नोकरीची वाट बघायला मिळून आठ वर्षं जास्तीची गेली. तिशीला आलो तेव्हा खात्याची भरती निघाली आणि अट होती पंचविशीच्या आतली. तिथल्याच एका कारकुनाने सांगितलं, “एवढंसं तोंड काय करतोस? कोर्टातून वय घेऊन ये. घरातलं कुणी वडीलधारं शपथेला आण म्हणजे झालं.” आईवडील दोघंही तोवर गेले होते. वडीलधारं म्हणून मी तायवोला नेलं. मला तेव्हा यात पाप वाटलं नाही, खरंच नाही. वाटलं, सरकारने माझी आठ वर्षं खाल्ली, ती मी त्याच्या घशातून परत काढतोय. तायवो म्हणाली, “आणि माझी?” आणि स्वतःच हसली.

कोर्टातल्या म्हाताऱ्या कारकुनाने टंकलेखन यंत्रावरून मान न उचलता विचारलं, “नाव?” ती म्हणाली, “अबेनी.” तायवो म्हटलं असतं तर त्याने विचारलं असतं, हिचा केहिंदे कुठे आहे, आणि केहिंदे तर तिच्या शेजारी घामाघूम उभा होता. “भाऊ झाला तेव्हा तू केवढी होतीस?” “आठ वर्षांची.” “आठवतं का?” “न आठवायला काय झालं? मीच त्याला पाठीवर बांधून हिंडायचे. फार रडका होता.” कारकून हसला. मीही हसलो. मग तिने बायबलवर हात ठेवला, आणि त्या हाताच्या बोटांना सुईची भोकं होती. बाहेर आल्यावर आम्ही भाजलेलं केळं घेतलं. खाता खाता ती म्हणाली, “केहिंदे, देव नावं बघतो का रे? शपथ अबेनीने घेतलीय. तायवोने नाही हं घेतली.” मी म्हणालो, “हो, हो, अबेनीनेच.” बत्तीस वर्षं तिने हे धरून ठेवलं. चर्चमध्ये ती तायवो म्हणूनच प्रार्थना करायची, आणि कुणी अबेनी म्हणून हाक मारली की ऐकू न आल्यासारखं करायची. एका माणसाने आपल्यातलं एक नाव घाण होऊ दिलं आणि दुसरं स्वच्छ ठेवलं, भावासाठी. आणि भावाने तिला त्या दिवशी केळ्याचे पैसेसुद्धा देऊ दिले.

संध्याकाळी तिच्या घरी गेलो. शिवणयंत्रावर चादर टाकली होती. मोरेनिके शनिवारच्या स्वयंपाकाची यादी करत बसली होती. मी तिला सांगितलं, सगळे कागद नवे छापावे लागतील. खर्च माझा. तिने यादी खाली ठेवली.

“म्हणजे काय छापू, मामा? तुम्ही मेलात म्हणून?”

“मी नाही. केहिंदे.”

“ऐकताय ना तुम्ही स्वतःला?”

“अगं, तुझ्या आईने शपथेवर सही केलीय. चौकशी झाली तर पहिलं नाव तिचं निघेल. मेल्यावर तिची अब्रू जायला हवीय का तुला?” हे वाक्य मी मोटारीत घोकून आलो होतो. मोटारीत ते खरं वाटत होतं.

“मेलेल्या बाईला कोण काय करणार आहे?” मोरेनिके म्हणाली. “मामा, शेवटच्या दिवशी ती काय म्हणत होती ठाऊक आहे? तुम्ही डॉक्टरांशी बोलायला बाहेर गेला होतात. म्हणत होती, केहिंदेला सांग, मी पुढे होऊन बघते, त्याने घाई करू नये.”

इस्पितळाच्या फॉर्मवर ‘नातं’ या रकान्यात मी ‘धाकटा भाऊ’ लिहिलं होतं. तिथे कोण बघणार होतं, कुठला फाग्बेमी? पण हात आपोआप गेला. तायवोने ते वाचलं, नळ्या लावलेल्या हाताने कागद धरून, आणि म्हणाली, “आता तू खरंच लहान झालास बघ.” दोन वर्षांपूर्वी आमची साठी पूर्ण झाली तेव्हा तिने गल्लीला चवळी जेवू घातली होती, लाल पामतेलातली, जुळ्यांची म्हणून करतात ती. मला तीनदा फोन केला. मी म्हणालो, बैठकीत आहे. कुठल्याच बैठकीत नव्हतो, घरी बसून केसांना काळं लावत होतो, कारण तिच्या पांढऱ्या केसांशेजारी उभा राहून फोटो निघाला असता. तिसऱ्या फोनला ती म्हणाली, “बरं, तुझी ताटली झाकून ठेवते.” मी चौथ्या दिवशी गेलो. चवळी आंबली होती.

हे सगळं आठवत असताना मी मोरेनिकेला विचारलं, “डोटुन कसा आहे?”

बस, एवढंच. डोटुन तिचा नवरा, गेल्या वर्षी मीच त्याला खात्यात चिकटवला, अजून पक्का व्हायचा आहे. देवाशपथ, मला धमकी द्यायची नव्हती. निदान त्या क्षणी तरी मला वाटलं की मी नुसती विचारपूस करतोय. पण प्रश्न तोंडातून पडला आणि मोरेनिकेचा चेहरा कचेरीत रोज बाकावर बसलेल्या लोकांचे होतात तसा झाला. तिने तो माझ्याकडे कधी केला नव्हता. तिने यादी उचलली, घडी घातली, उलगडली.

“बरा आहे,” ती म्हणाली. “काय छापायचं ते लिहून द्या.”

मी लिहून दिलं. ‘जुळा भाऊ केहिंदे बालपणीच निवर्तला. मागे धाकटा बंधू जोसाया इदोवू.’ सरकारी मसुदा लिहायचा माझा हात चांगला आहे. जी शपथ तायवोच्या नावाला शिवली नव्हती तिचंच उरलेलं खोटं आता तिच्या तोंडाखाली, तायवो या नावाखाली छापलं गेलं.

गल्लीचं काय, हा प्रश्न होताच. त्या गल्लीत मला केहिंदेशिवाय दुसरं नाव नाही. मोरेनिके चार दिवस दारोदार हिंडली. मला वाटलं होतं लोक संतापतील, कुणीतरी मला दारात उभं करून थुंकेल. मला तसं हवंही होतं बहुतेक. कुणीही काही म्हटलं नाही. सगळे लगेच समजले. “पोटाचा प्रश्न आहे, बाई,” म्हणाले. “आमच्या जावयाचंही असंच आहे.” चर्चच्या पाद्र्यांनी मला फोन करून फक्त एवढं विचारलं, “जोसाया वाचू की इदोवू? तुम्ही कागद द्या, मी काय, वाचणारा माणूस.” फोन ठेवल्यावर मला एकदम एकटं वाटलं. सबंध शहरात मला अडवणारं एक माणूस होतं, आणि ते शनिवारी पुरायचं होतं.

शनिवारी खात्याची बस आली. सगळ्यांनी एकाच हिरव्या कापडाचे कपडे शिवले होते, तायवो असती तर निम्मे तिनेच शिवले असते. गल्लीत मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, भाताचे टोप. दफन झालं, पाद्र्यांनी वाचलं, कुणाची पापणी हलली नाही. मी कचेरीच्या लोकांमध्ये बसलो होतो, धाकट्या भावाने बसावं तसा, जरा मागे. फाग्बेमी शेजारी. तो सारखा फोनने चित्रण करत होता. “आठवण राहते,” म्हणाला. मला वाटलं, झालं, पार पडलं. आणि तेव्हाच मागच्या दाराने आत्या बाहेर आली.

अगबेके आत्या नव्वदीच्या पुढची आहे. एक डोळा गेलेला, दुसऱ्याने उजेड दिसतो. दिवसाचा बहुतेक वेळ झोपलेली असते, म्हणून तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिला एवढंच कळलं होतं की तायवो गेली, आणि जुळ्यांतलं एक गेलं की चवळी करायची आणि पहिली ताटली उरलेल्याला द्यायची, हे तिला कुणी सांगावं लागत नव्हतं. एका हातात काठी, दुसऱ्या हातात ताटली. मागे कुणाचीतरी सून टोप घेऊन.

“केहिंदे!” तिने हाक मारली. आवाज अजून खणखणीत. “केहिंदे कुठे बसलाय?”

भात वाढणाऱ्या बायकांचे हात थांबले. कडेला डोळे न वळवताही मला दिसलं की फाग्बेमीने फोन वर उचलला. आत्या काठी टेकत सरळ माझ्याकडेच आली, तिला दिसत नाही म्हणतात, आणि माझ्यासमोर उभी राहून तिने काठी काखेत धरली आणि हात माझ्या चेहऱ्यावरून फिरवला. कपाळ. बारीक डोळा. ओठावरचा डाग. तिची बोटं पामतेलाने ओशट होती.

“हा काय केहिंदे,” ती म्हणाली.

त्या एका क्षणात मला सगळं सोपं दिसलं. होय म्हणायचं. फार तर काय होईल, नोकरी जाईल. सहा वर्षांनी जाणारच आहे. होय म्हटलं असतं तर डोकं तिच्या पोटाशी टेकवून मला रडता आलं असतं. ती गेली त्या गुरुवारपासून मी रडलो नव्हतो, धाकट्या भावाने किती रडावं याचा मला अंदाज येत नव्हता. माझे ओठ हललेही. आणि माझं तोंड म्हणालं, “नाही, आत्या. मी इदोवू.”

“इदोवू?” तिने हात मागे घेतला. ती विचारात पडली. आता म्हणेल, आमच्या घरात इदोवू जन्मलाच नाही, मला वाटलं. म्हण, आत्या. पण नव्वदीच्या माणसाला स्वतःच्या आठवणीपेक्षा दुसऱ्याच्या बोलण्याचा भरवसा जास्त असतो. “आणि केहिंदे?”

“गेला.”

“कधी रे?”

“झाले बरेच दिवस.”

“मला कुणी सांगितलं नाही,” आत्या म्हणाली. “मला कुणी काही सांगतच नाही.” आणि ती तिथेच मातीत बसली आणि रडायला लागली. तायवोसाठी ती सकाळी रडून झाली होती. हे माझ्यासाठी होतं. तिने जुळ्यांचं जुनं स्तवन म्हणायला घेतलं, कापऱ्या आवाजात, केहिंदेचं नाव घेऊन. कसा शहाणा, कसा मागून येऊनही मोठा, कसा बहिणीला पुढे धाडणारा. गल्लीतल्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. म्हातारीला एकटीला कसं म्हणू द्यायचं? एकीने साथ धरली, मग दुसरीने. सुरुवातीला नुसते ओठ हलत होते. पण स्तवन हे असं आहे की म्हणायला लागलं की खरंच भरून येतं. थोड्या वेळात सगळी गल्ली रडत होती. मोरेनिके टोपाशी उभी होती. ती माझ्याकडे बघत होती, डोळे न हलवता, आणि मग तिने डोक्याचं फडकं तोंडावर धरलं आणि मोठ्याने हंबरडा फोडला, “केहिंदे मामा! माझा केहिंदे मामा!” असं खोटं रडता येत नाही कुणाला.

फाग्बेमीने फोन खाली घेतला. त्याने टोपी काढली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मनापासून म्हणाला, “सॉरी, इदोवू. मला उगाच शंका होती.” खात्यातले सगळे उठून उभे राहिले. मीही उभा राहिलो.

मग आत्याने डोळे पुसले आणि चटई मागितली. चटईवर तिने चाचपडत ताटल्या मांडल्या. पहिली तायवोची. तिच्याशेजारी केहिंदेची, मघाशी माझ्यासाठी आणलेली, तीच. दोन्हींवर थोडं पाणी शिंपडलं. मग टोपातून तिसरी भरून घेतली आणि माझ्या हातात दिली. “घे बाळा,” ती म्हणाली. “आता तू एकटाच राहिलास त्यांच्यामागे.”

मी चटईच्या कडेला बसलो आणि खायला लागलो. चवळी ऊन होती, मीठ बरोबर पडलं होतं, तायवो करायची तशीच. “कशी झालीय?” आत्याने विचारलं. सगळे बघत होते.

“चांगली झालीय,” मी म्हणालो, आणि शेजारी केहिंदेच्या ताटलीवर माशा बसायला लागल्या होत्या, त्या डाव्या हाताने हाकलत राहिलो.